नव्या नोडचा मोह आणि चांगल्या चिपची किंमत: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही कंपनी डेटा सेंटरसाठी अ‍ॅक्सिलरेटर चिप, म्हणजे जड गणना वेगाने करणारी चिप, बनवते. बनवते म्हणजे आराखडा तिचा. वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या गोल चकतीवर, ती चिप उमटवण्याचं काम बाहेरची फाउंड्री, म्हणजे इतरांच्या चिप बनवून देणारा कारखाना, करते. कंपनी, फाउंड्री आणि त्यातली माणसं इथे निनावी आहेत. ओळख पटू नये म्हणून आकडेही बदलले आहेत, मात्र त्यांची आपसातली प्रमाणं मोडणार नाहीत अशा बेताने. त्यामुळे पुढचं प्रत्येक गणित वाचकाला कागदावर पुन्हा करून बघता येईल. या प्रकल्पात खर्चाचं गणित मांडण्याची जबाबदारी माझ्याकडे होती.

आधीच्या पिढीची चिप ७ नॅनोमीटर वर्गाच्या प्रक्रियेवर होती. उत्पादन-प्रक्रियेच्या अशा प्रत्येक पिढीला नोड म्हणतात; आकडा जितका लहान तितका नोड नवा. क्षेत्रफळ ६०० चौरस मिलिमीटर. त्यातली निम्मी जागा लॉजिकने, म्हणजे गणना करणाऱ्या परिपथांनी, व्यापलेली, साधारण ३० टक्के एसरॅम या चिपवरच्या मेमरीने, आणि उरलेली २० टक्के बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या आय-ओ आणि अ‍ॅनालॉग भागाने. नव्या पिढीत लॉजिक दुप्पट हवं होतं, मेमरी एक तृतीयांशाने जास्त, आय-ओ तेवढंच.

हीच चिप ७ नॅनोमीटरवर करायची म्हटली तर बेरीज जाते ९६० चौरस मिलिमीटरवर, आणि तिथेच रस्ता बंद होतो. लिथोग्राफीचं, म्हणजे प्रकाशाने वेफरवर आराखडा छापणारं, यंत्र एका वेळी जास्तीत जास्त २६ बाय ३३ मिलिमीटरचं चित्र उमटवतं, म्हणजे ८५८ चौरस मिलिमीटर. एकसंध चिप त्याहून मोठी होऊ शकत नाही. नोड बदलणं किंवा चिपचे तुकडे करणं, यांपैकी काहीतरी करणं भाग होतं.

हे सगळं २०२३ च्या सुरुवातीचं. ५ नॅनोमीटर वर्ग तोवर चांगला रुळला होता. ३ नॅनोमीटर वर्गाचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन सुरू झाल्याचं टीएसएमसी या तैवानच्या फाउंड्रीने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं होतं, आणि विक्री विभागाला आपल्या पुढच्या चिपवर ‘३’ हा आकडा हवा होता.

अडचण

पूर्वी नवा नोड आला की ट्रान्झिस्टर स्वस्त व्हायचा. वेफर थोडा महाग होई, पण त्यावर मावणाऱ्या चिप जवळपास दुपटीने वाढत. हे समीकरण आता दोन्ही बाजूंनी ढिलं पडलं आहे.

पहिली बाजू वेफरच्या किमतीची. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या सीसेट या संस्थेने २०२० मध्ये केलेल्या अंदाजात ७ नॅनोमीटरच्या वेफरची किंमत ९,३४६ डॉलर आणि ५ नॅनोमीटरची १६,९८८ डॉलर धरली होती. ही उडी कशामुळे, ते यंत्रांकडे बघितलं की कळतं. ७ नॅनोमीटरच्या पहिल्या प्रक्रियांमध्ये १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरून एकाच थराची छपाई दोनदा-तीनदा करत. त्यानंतर १३.५ नॅनोमीटरचा ईयूव्ही, म्हणजे टोकाचा अतिनील, प्रकाश आला. कथिलाच्या द्रवथेंबांवर सेकंदाला सुमारे ५०,००० वेळा लेझर मारून तो तयार होतो, आणि ते यंत्र १५ कोटी डॉलरच्या वर जातं. छपाईच्या फेऱ्या वाचल्या, पण एका फेरीचा खर्च वाढला. शिवाय ईयूव्हीच्या एका फोटॉनमध्ये जुन्या प्रकाशाच्या चौदा पट ऊर्जा असते. म्हणजे तेवढीच ऊर्जा द्यायची तर फोटॉन चौदापट कमी पडतात. फोटॉन मोजके असले की ते कुठे किती पडतील हे नशिबावर जातं. एखादं छिद्र उघडतच नाही, दोन तारा मध्येच चिकटतात. यंत्र बिघडलेलं नसतं, तरी दोष येतो.

दुसरी बाजू आकुंचनाची, आणि आमच्या चिपचा जीव खरा इथेच अडकला होता. टीएसएमसीच्या जाहीर आकड्यांनुसार ७ वरून ५ वर जाताना लॉजिकची घनता १.८ पट वाढते, ५ वरून ३ वर जाताना सुमारे १.६ पट. एसरॅमचं तसं नाही. तिची एक पेशी (एक बिट साठवणारी जागा) ७ नॅनोमीटरमध्ये ०.०२७ चौरस मायक्रोमीटर होती, ५ मध्ये ०.०२१ झाली, आणि ३ नॅनोमीटरच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या एन३ई या प्रकारात ०.०२१ वरच राहिली. मेमरीची जागा जिथल्या तिथे. आय-ओ आणि अ‍ॅनालॉग तर आधीपासूनच फारसं आक्रसत नाही, कारण बाहेरच्या तारेत ठरावीक प्रवाह ढकलायचा तर ट्रान्झिस्टरला ठरावीक आकार लागतोच.

हे आमच्या चिपला लावून बघितलं. ५ नॅनोमीटरवर लॉजिक ३३३, मेमरी सुमारे १८०, आय-ओ सुमारे १००. एकूण धरा ६१०. ३ नॅनोमीटरवर लॉजिक २०८, मेमरी पुन्हा १८०, आय-ओ पुन्हा १००, एकूण ४९०. ‘१.६ पट घनता’ म्हणून जे विकलं जातं त्यातून आमच्या पदरात पडली ती २० टक्के जागेची बचत.

पहिल्या फेरीतले पर्याय

किमतींसाठी एक एकक ठरवलं: ७ नॅनोमीटरचा वेफर १००. त्या मानाने फाउंड्रीने दिलेला ५ चा दर १७०, ३ चा २००.

यील्डसाठी, म्हणजे वेफरवरच्या चिपपैकी किती चांगल्या निघतात यासाठी, सगळ्यात साधं सूत्र घेतलं. दोष वेफरवर विखरून पडतात असं धरलं, तर चिपवर एकही दोष न पडण्याची शक्यता म्हणजे ई (सुमारे २.७१८) चा उणे (क्षेत्रफळ गुणिले दोष-घनता) इतवा घात. कापडावर शाईचे दहा थेंब उडाले तर त्यातून कापलेल्या शंभर रुमालांतले फार तर दहा वाया जातील. त्याच कापडाच्या चार चादरी केल्या तर एकही कोरी मिळणं अवघड. मोठ्या चिपचं दुखणं हेच आहे. दोष प्रत्यक्षात गटागटाने पडतात, म्हणून व्यवहारात मर्फीचं किंवा ऋण द्विपदी सूत्र वापरतात आणि ते मोठ्या चिपला थोडं जास्त यील्ड देतं. पर्यायांची तुलना करायला साधं सूत्र पुरतं.

दोष-घनता ७ आणि ५ साठी दर चौरस सेंटिमीटरला ०.१ धरली. ३ साठी सुरुवातीला ०.२, कारण प्रक्रिया नवी होती.

५ नॅनोमीटरवर एकसंध चिप केली तर ३०० मिलिमीटरच्या वेफरवर कडांचं नुकसान वजा जाता ८८ चिप बसतात. यील्ड ५४ टक्के. चांगल्या चिप ४८, म्हणजे एक चांगली चिप ३.५४ एककांना.

३ नॅनोमीटरवर एकसंध केली तर ११४ बसतात, पण यील्ड ३७.५ टक्के. चांगल्या ४३, एकीची किंमत ४.६५. दोष-घनता ०.१ वर आली की हीच किंमत २.८६ होते. कुठे दोन्ही समान होतात ते काढलं: ०.१४३ च्या आसपास. पुढे बैठकांमधली बरीच भांडणं या एका आकड्याभोवती झाली.

तिसरा पर्याय चिपलेटचा, म्हणजे एका मोठ्या चिपऐवजी छोटे तुकडे करून ते एका पॅकेजमध्ये जोडण्याचा. गणना करणारे दोन तुकडे ५ नॅनोमीटरवर, प्रत्येकी २१५ चौरस मिलिमीटर. आय-ओ आणि बरीचशी मेमरी ७ नॅनोमीटरच्या ३१० च्या तुकड्यावर, कारण नव्या नोडवर त्यांना मिळण्यासारखं काही नव्हतं. लहान तुकड्याचं यील्ड ८१ टक्के, ७ वाल्याचं ७३. सिलिकॉनचा खर्च २.२१ वर आला. त्यात खास पॅकेजिंगचे जादा ०.६ आणि जोडणीत १०० पैकी ३ वाया, असं धरून २.९०.

तक्ता स्पष्ट बोलत होता. चिपलेट सगळ्यात स्वस्त, ५ एकसंध मधे, ३ एकसंध सगळ्यात महाग पण वाट बघितली तर स्वस्त. सल्लागारांनी चिपलेटच्या बाजूने अहवाल तयार केला होता. तो मंजूर व्हायला एक बैठक उरली होती.

निर्णय फिरला तो प्रश्न

त्या बैठकीत चाचणी विभागाच्या एका ज्येष्ठ बाईंनी आधीच्या चिपचा वेफर-नकाशा पडद्यावर लावायला सांगितला. चालणाऱ्या चिप हिरव्या, मेलेल्या लाल. कडेला लाल कडं, मधे तुरळक लाल ठिपके. त्यांनी मधल्या एका लाल चौकोनावर बोट ठेवून विचारलं, “ही कशाने मेली, सांगता का?” नोंद काढली. एका गणना-विभागातल्या गुणाकार परिपथात एक तार तुटलेली होती. असे विभाग त्या चिपवर १६ होते आणि बाकीचे १५ ठणठणीत होते. “मग आपण पंधरा चांगले विभाग कचऱ्यात टाकले,” त्या म्हणाल्या, “आणि तुमच्या तक्त्यात पुढच्या चिपचेही असेच टाकायचे ठरवलेत.”

त्यांचं बरोबर होतं. सूत्र चिपच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरला सारखंच नाजूक समजत होतं. प्रत्यक्षात चिपवर दोन तऱ्हेची जागा असते: एक जिथे दोष पडला की सगळं संपतं, आणि दुसरी जिथे राखीव भाग ठेवला तर दोष पचवता येतो. मेमरीत राखीव ओळी ठेवून खराब ओळींच्या जागी वळवण्याची पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून डीरॅम या मेमरी-चिपमध्ये आहे. आमच्या चिपमध्येही ती होती. तक्त्यात मात्र नव्हती. गणना-विभागांचं उदाहरणही उघड्यावर होतं. एन्व्हिडियाच्या ए१०० चिपचं क्षेत्रफळ ८२६ चौरस मिलिमीटर. सिलिकॉनवर १२८ विभाग आहेत, विकताना १०८ चालू असतात. एवढी मोठी चिप एरवी परवडलीच नसती.

मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण हा वाटतो. तोवर आम्ही सगळे यील्डकडे फाउंड्रीकडून येणारा आकडा म्हणून बघत होतो. दोष-घनता फाउंड्रीची असते हे खरं, पण त्यातले किती दोष चिपचा जीव घेतात हे आराखडा करणारा ठरवतो. आणि हा अधिकार हातात असताना आम्ही फक्त नोड निवडण्यात गुंतलो होतो.

दुसरी फेरी

आराखड्यात बदल असा सुचवला: ग्राहकाला ३२ गणना-विभाग द्यायचे, सिलिकॉनवर ३४ ठेवायचे. जादा विभाग आणि वळवणारा परिपथ मिळून ५ नॅनोमीटरवर चिप ६१० वरून ६४० झाली. वेफरवर ८८ च्या जागी ८४ च बसणार. इथे काही जण बिचकले, कारण यील्ड वाढवायला चिप मोठी करायची हे कानाला उलटं वाटतं.

मग जागा वेगळी केली. ६४० पैकी १७० नाजूक: आय-ओ, घड्याळ (सगळ्या भागांचा ताल राखणारा परिपथ), नियंत्रण. उरलेली ४७० दुरुस्त होणारी. नाजूक भागावर दोष नसण्याची शक्यता ८४ टक्के. दुरुस्त होणाऱ्या भागावर दोनपर्यंत दोष चालतील असं धरलं तर शक्यता ९८.८ टक्के. दोन्ही मिळून ८३. चांगल्या चिप ४८ वरून ७० वर गेल्या आणि किंमत ३.५४ वरून २.४३ वर आली. वेफर तोच, फाउंड्री तीच, दोष तेवढेच.

हाच उपाय बाकीच्या पर्यायांनाही लावला. ३ नॅनोमीटर, दोष-घनता ०.२: आधी ४.६५, आता २.५७. घनता ०.१ वर आली की २.१५. चिपलेट: आधी २.९०, आता २.६४.

क्रम उलटला. चिपलेट पहिल्यावरून शेवटी गेला. कारण बघितलं तर सरळ आहे. चिप तोडून जो फायदा मिळतो तो मोठ्या तुकड्याच्या वाईट यील्डपासून सुटका झाल्याचा. राखीव विभागांनी ते यील्डच सुधारलं, मग तोडण्यातून सुटका कशापासून करायची? पॅकेजिंगचा खर्च मात्र जागेवर राहिला. दोन तुकड्यांमध्ये माहिती नेताना जाणारी वीज आम्ही पैशात मांडलेलीच नव्हती, तीही राहिली.

दुसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात आली. नव्या प्रक्रियेवरची शिक्षा ओसरली. ५ आणि ३ मधलं अंतर पहिल्या फेरीत १.११ एकक होतं, ते ०.१४ वर आलं. ०.१४३ या आकड्यावरून घातलेले वाद एका दिवसात निरर्थक झाले. राखीव जागा असली की दोष-घनता नेमकी किती आणि कधी खाली येईल यावर कमी अवलंबून राहावं लागतं, आणि लहान ग्राहकासाठी ही मोठी गोष्ट आहे. नव्या नोडवर पहिल्यांदा मोबाइलच्या चिप येतात, कारण त्या १०० चौरस मिलिमीटरच्या आसपास असतात, ०.२ दोष-घनतेलाही त्यांचं यील्ड ८२ टक्के निघतं. त्यांच्या हजारो वेफरांवर प्रक्रिया शिकते आणि सुधारते. ४९० ची चिप घेऊन त्याच दिवशी रांगेत उभं राहणाऱ्याला त्याच वेफरवर ३७.५ टक्के मिळतात. नोड सगळ्यांसाठी एकाच दिवशी तयार होत नाही.

५ की ३

आता निवड या दोघांत होती आणि वेफरच्या खर्चाने ती सुटणार नव्हती.

३ च्या बाजूने विजेचा मुद्दा होता, आणि तो हलका नव्हता. टीएसएमसीने ३ नॅनोमीटरसाठी त्याच वेगाला ५ पेक्षा २५ ते ३० टक्के कमी वीज असं सांगितलं होतं. डेटा सेंटरचा ग्राहक चिप एकदा विकत घेतो आणि वीज वर्षानुवर्षं भरतो.

विरुद्ध बाजूला एकरकमी खर्च. मास्क (वेफरवर छापायच्या आराखड्याचे साचे), नव्या नोडसाठी पुन्हा विकत घ्यावे लागणारे आय-ओ परिपथ, आराखडा तपासण्याचे मनुष्यमहिने: ५ च्या तुलनेत ३ वर हा खर्च १,५०,००० एककांनी जास्त येत होता. अपेक्षित विक्री २ लाख चिपची. म्हणजे चिपमागे ०.७५ एकक. प्रक्रिया परिपक्व झाल्यावर ३ वर वाचणार होते चिपमागे ०.२८. बरोबरी व्हायला सव्वापाच लाखांच्या वर चिप विकाव्या लागल्या असत्या, आणि तेही पहिल्या दिवसापासून परिपक्व यील्ड मिळालं असतं तर.

विजेची बचत या ०.७५ ला पुरून उरेल का, हे दोन मोठ्या ग्राहकांना विचारलं. एकाने थेट सांगितलं की त्याच्या रॅकची वीज-मर्यादा आधीच गाठली आहे, त्यामुळे त्याला ३ हवंच. दुसऱ्याला वेळेत मिळणारी चिप हवी होती. ३ वर आय-ओचे तयार परिपथ सिद्ध होऊन हाती यायला दोन तिमाही उशीर होणार होता. वेफर फॅबमध्ये, म्हणजे फाउंड्रीच्या कारखान्यात, शिरल्यापासून बाहेर यायलाच तीन महिने किंवा जास्त लागतात; आराखड्यात एक चूक निघून मास्क बदलावे लागले तर तेवढाच काळ पुन्हा. हे सगळं धरून संचालकांनी ५ नॅनोमीटर, एकसंध, ३४ पैकी ३२ असा निर्णय घेतला. पहिला ग्राहक काही काळासाठी हातचा जाईल हे मान्य करून घेतला, याचं मला आजही कौतुक वाटतं. अशा निर्णयांत सगळ्यांना खूश ठेवल्याचा देखावा करणं सोपं असतं.

कारवाई

राखीव विभाग कागदावर सोपे दिसतात. एखादा विभाग बंद करायचा तर त्याचा वीजपुरवठा, घड्याळ आणि माहितीची वाट तिन्ही तोडता आली पाहिजेत, नाहीतर मेलेला विभाग जिवंत विभागांची वीज खातो. कोणते ३२ चालू आहेत हे सॉफ्टवेअरला दिसता कामा नये, म्हणून क्रमांकांचा एक थर मधे घातला. कोणता विभाग बंद करायचा याची नोंद चिपवरच्या, एकदाच जाळता येणाऱ्या फ्यूजमध्ये कायमची जळते. नाजूक १७० चौरस मिलिमीटरमध्ये जिथे जमेल तिथे छिद्रं दुहेरी केली आणि तारांमधलं अंतर वाढवलं. याने क्षेत्रफळ फारसं वाढलं नाही, पण आराखडा करणाऱ्यांचे बरेच आठवडे गेले.

करारात वेफरचा दर होता, चांगल्या चिपचा नव्हता. म्हणजे यील्डची जोखीम पूर्ण कंपनीची. चांगल्या चिपवर दर ठरवून घ्यायचा प्रयत्न झाला. फाउंड्रीने एवढ्या छोट्या ग्राहकासाठी नकार दिला.

निकाल

पहिले वेफर आले. दोषांमुळे जाणाऱ्या चिपचं प्रमाण गणिताच्या अगदी जवळ होतं. अडचण निघाली ती न मोजलेल्या ठिकाणी.

चिप वेफरवर असताना गरम तापमानाला तपासली जात होती, खराब मेमरी-ओळी शोधून तिथेच फ्यूज जाळले जात होते. मग पॅकेज झाल्यावर थंड तापमानाला अंतिम चाचणी. तिथे चिपचा एक गट कमी व्होल्टेजला नापास व्हायला लागला. एसरॅमच्या काही पेशींत कसलाही दोष नव्हता. त्या नुसत्या अशक्त होत्या. इतक्या लहान ट्रान्झिस्टरमध्ये दोन शेजारी एकसारखे निघतीलच असं नसतं, आणि कोट्यवधी पेशींत थोड्या तरी टोकाला जातातच. त्या गरम असताना चालतात, थंडीत कमी व्होल्टेजला माहिती धरत नाहीत. त्यांच्यासाठी राखीव ओळी शिल्लक होत्या, पण वळवण्यासाठी फ्यूज उरले नव्हते. पॅकेजिंगचा पूर्ण खर्च झालेली चिप अशी हातून जाणं सगळ्यात महाग पडतं.

आमच्या सूत्राला हे दिसणं शक्यच नव्हतं. ते दोष मोजत होतं. इथे चिप निर्दोष होती आणि तरी अपेक्षेला उतरत नव्हती. दोन्ही नुकसानांना बोलताना यील्डच म्हणतात, पण त्यांची कारणं, सूत्रं आणि औषधं वेगळी आहेत, आणि नोड जितका नवा तितका दुसऱ्या प्रकाराचा वाटा वाढत जातो.

तातडीचा उपाय दुहेरी होता. वेफरवरच थंड तापमानाची आणखी एक चाचणी लावली आणि दोन्ही चाचण्यांचे निकाल एकत्र करून मगच फ्यूज जाळायला सुरुवात केली. आधी पॅकेज झालेल्या चिपमधल्या ज्या थोड्या जास्त व्होल्टेजला नीट चालत होत्या त्या जास्त वीज-मर्यादेच्या वेगळ्या श्रेणीत विकल्या. चाचणीचा वेळ वाढला, चाचणीयंत्राचं भाडं तासावर असतं, आणि चांगल्या चिपची खरी किंमत पहिल्या काही महिन्यांत २.६ एककांच्या आसपास राहिली. म्हणजे चिपलेटवर मिळवलेली सगळी आघाडी जवळपास पुसली गेली. पुढच्या आवृत्तीत वरच्या धातूच्या थरांमध्ये बदल करून फ्यूज वाढवले. तोवर फाउंड्रीची दोष-घनताही थोडी उतरली होती. किंमत २.४ च्या खाली गेली. चिप ठरल्या तिमाहीत ग्राहकाकडे पोचली.

वेगळं काय करता आलं असतं

दुरुस्त होणाऱ्या आणि नाजूक जागेची विभागणी पहिल्याच तक्त्यात हवी होती. त्याला कुठलीही गुप्त माहिती लागत नव्हती. चिपचा आराखडा टेबलावरच होता. चाचणी विभाग त्या चर्चेत शेवटच्या बैठकीला आला, कारण चाचणी हे शेवटचं काम समजलं जातं. मेलेली चिप कशाने मेली हे कंपनीत फक्त त्यांनाच माहीत होतं.

मेमरीच्या किमान व्होल्टेजबद्दल फाउंड्रीकडे आकडे होते आणि मागितले असते तर मिळाले असते. मागितली गेली फक्त दोष-घनता. यापुढे असा तक्ता करताना मी दोन रकाने वेगळे ठेवतो, दोषाने गेलेल्या आणि अशक्तपणाने गेलेल्या चिपचे, आणि दुसऱ्या रकान्यात तापमान व व्होल्टेज लिहिल्याशिवाय आकडा घेत नाही. चाचणीचा वेळही खर्चात धरायला हवा होता. राखीव जागा जितकी जास्त तितकं शोधणं, नोंदवणं आणि पुन्हा तपासणं जास्त.

चिपलेटबद्दल मत बनवताना या एका प्रकरणावर फार भार टाकू नये. इथे तो हरला कारण गणना-विभाग एकसारखे आणि पुष्कळ होते, त्यामुळे राखीव ठेवणं स्वस्त पडलं. ज्या चिपवर प्रत्येक भाग वेगळा आणि एकुलता आहे तिथे राखीव ठेवायला काही नसतंच, आणि मग तोडणं हाच उपाय उरतो. शिवाय पुढच्या पिढीत लॉजिक पुन्हा वाढलं की ८५८ ची भिंत पुन्हा समोर येणार आहे. ईयूव्हीच्या पुढच्या, हाय-एनए यंत्रांत तर एका वेळी उमटणारं चित्र निम्मं, २६ बाय १६.५ मिलिमीटरचं होतं. तिथवर गेल्यावर तोडायचं की नाही हा प्रश्न राहत नाही. कुठे तोडायचं एवढाच राहतो. म्हणून मला वाटतं की या पिढीतच तुकड्यांमधला जोड एका छोट्या चाचणी-चिपवर करून बघायला हवा होता. खर्च झेपण्यासारखा होता, पण वेळापत्रकात तो बसवला गेला नाही.

एका गोष्टीवर कंपनीत अजूनही एकमत नाही. काही चिपवर ३४ च्या ३४ विभाग चालतात. त्या वेगळ्या काढून जास्त दराने विकाव्यात असं विक्री विभागाचं म्हणणं आहे. चाचणी विभागाचा विरोध आहे: अशी श्रेणी एकदा बाजारात गेली की ग्राहक ती ठरावीक संख्येने मागणार, आणि तिचा पुरवठा मात्र प्रत्येक वेफरच्या नशिबावर राहणार. दोष-घनता खाली येत गेली की अशा चिप वाढतील हे खरं आहे. पण त्या वाढण्याचा वेग फाउंड्रीच्या हातात आहे आणि पुरवठ्याची तारीख आपल्या करारात लिहिली जाणार आहे. मी चाचणी विभागाच्या बाजूचा आहे.